आचारी, आचार्य आणि आम्ही

मराठी लिपीत एक चिन्ह असे आहे की, ते हरवले तर स्वयंपाक्याचा पंडित होतो. शाळेत असताना व्याकरणाच्या गुरुजींनी फळ्यावर दोन वाक्ये एकाखाली एक लिहिली होती: 'आचाऱ्यांना बोलाव' आणि 'आचार्यांना बोलाव'. पहिल्या वाक्याने झारा घेतलेले गृहस्थ येतील, दुसऱ्याने पोथी घेतलेले, असे सांगून गुरुजी मिस्कीलपणे हसले. वर्गही हसला; आम्हीही हसलो. तो विनोद पुढे दिल्लीत आमच्याच हातून छापला जाईल, आणि त्या वेळी आम्हांस हसू येणार नाही, याची तेव्हा काय कल्पना!

आमच्या वसाहतीतील मराठी मंडळ दर गणेशोत्सवात एक स्मरणिका काढते. अठ्ठेचाळीस पाने, त्यांतील निम्मी जाहिरातींची. उरलेल्या निम्म्यांत अध्यक्षांचे मनोगत, चिटणिसांचा अहवाल, मुलांच्या कविता आणि एखाद-दुसरा लेख. सरकारी कचेरीत टिपणी लिहिण्याची सवय असलेला मनुष्य लेखही लिहू शकेल, आणि लेख लिहिणारा मनुष्य छापखान्याच्या खेपाही घालू शकेल, अशा तर्काने हे काम आमच्या गळ्यात पडले. तर्काची पहिली पायरी चुकीची होती, दुसरी तर फारच.

२०२३ च्या उत्सवात मंडळाचे जुने आचारी निवृत्त होणार होते. राजापूर तालुक्यातील आपल्या गावी ते कायमचे परतणार होते. दिल्लीच्या थंडीत आणि दिल्लीच्या उन्हात त्यांनी मंडळाच्या पंक्तींना पुरणपोळी घातली होती. नोकरीनिमित्त नुकत्याच आलेल्या, परक्या गावी बिचकलेल्या माणसास पहिल्या पंक्तीत ते न विचारता दुसरी पोळी वाढीत. आठ वर्षांपूर्वी तो बिचकलेला मनुष्य आम्हीच होतो. त्यांच्यावर चार शब्द लिहावे, असे आमच्या मनाने घेतले, आणि आम्ही ते लिहिले. मथळा दिला: 'आमच्या आचाऱ्यांस'. लेखनाच्या हौसेपायी एक युक्तीही योजली. व्यक्तीचे नाव आरंभी सांगायचे नाही. गुण वर्णीत वर्णीत जायचे आणि अगदी शेवटच्या ओळीत नाव उघड करायचे. ही युक्ती आम्हांस तेव्हा फार कलापूर्ण वाटली होती.

लेख आम्ही संगणकावर युनिकोडमध्ये टंकून छापखान्याकडे धाडला, सोबत भ्रमणध्वनीवरून आलेले एक छायाचित्रही. सात-आठ दिवसांनी कच्च्या पानांची चित्रे भ्रमणध्वनीवरच आली. कचेरीतून परतताना मेट्रोत उभ्या उभ्या ती आम्ही तपासली. स्वतःचे लिखाण तपासताना मनुष्य समोरचा कागद वाचीत नाही, मनातला वाचतो. मनातल्या कागदावर सारे शुद्ध होते. आम्ही 'ठीक' असे कळवून मोकळे झालो.

स्मरणिका छापून आली, वाटली गेली. मथळा होता: 'आमच्या आचार्यांस'. छायाचित्र नव्हते. उत्सवाच्या गडबडीत आम्ही कपाळाला हात लावला आणि 'शहाणे वाचक समजून घेतील' अशी स्वतःची समजूत घातली. आचारीकाका ऑक्टोबरात गावी गेले.

जानेवारीत संक्रांतीस आम्ही त्यांना दूरध्वनी केला. तिळगुळाचे बोलणे झाले. मग धीर करून विचारले, "काका, लेख कसा वाटला?"

"कुठला लेख?"

"स्मरणिकेतला. तुमच्यावरचा."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, "माझ्यावर नव्हता हो काही. कुणा आचार्यांवर होता एक. मोठे असतील कुणी. मी म्हटलं, आपल्याला काय कळणार त्यातलं, म्हणून ठेवून दिला."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. आपल्यावर कोणी लेख लिहील, ही अपेक्षाच नसल्यामुळे तो नसल्याचे दुःखही नव्हते. आम्हांस जे बोचले ते हेच. छापखान्याने एक चिन्ह गाळले, आम्ही नाव शेवटपर्यंत दडवले, आणि दोघांनी मिळून एका माणसास त्याच्याच सत्काराच्या दाराबाहेर उभे केले.

चूक कोठे झाली, हे पाहण्यासाठी पुढच्या शनिवारी आम्ही छापखाना गाठला. संगणकावर बसणारा तरुण सज्जन होता आणि आपल्या कामात अत्यंत वाकबगार. त्याने सारा प्रकार उलगडून दाखवला. तेथील सर्व काम कोरलड्रॉवर चाले. कॅनडातील एका कंपनीने १९८९ साली बाजारात आणलेले हे सॉफ्टवेअर आपल्याकडील छापखान्यांची जणू बोलीभाषाच होऊन बसले आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, दुकानाची पाटी, फलक, जे जे म्हणून एका कागदावर मावते ते ते त्यात झटपट होते. परंतु त्या तरुणाच्या बोटांत बसलेला फॉन्ट होता जुन्या पद्धतीचा, टंकलेखनयंत्राच्या कळपाटावर बेतलेला. असा फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला देवनागरी मुखवटा. संगणकाच्या लेखी तेथे इंग्रजी अक्षरेच असतात. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळतो आणि पानभर निरर्थक रोमन अक्षरे उरतात. युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक दिला. पण छापखान्यातील सवयी मोडायला तीस वर्षेही अपुरी पडलेली दिसतात.

म्हणून आमचा लेख आधी एका रूपांतरकातून काढून त्या जुन्या फॉन्टात बसवला गेला. मराठीतील जोडाक्षराचा तो आडवा अर्धा 'र' युनिकोडमध्ये 'ऱ' या वेगळ्या वर्णापासून साधतो, आणि 'ऱ' म्हणजे खाली नुक्ता असलेला 'र' असेही युनिकोड मानते. रूपांतरकाने तो नुक्ता केर समजून झटकला. उरला साधा 'र'. तो पुढील 'य' च्या डोक्यावर रफार होऊन बसला. आचाऱ्याचा आचार्य झाला, तो असा. हिंदीला या चिन्हाची गरज नाही. हिंदीसाठी घडवलेल्या त्या फॉन्टात त्याची जागाही नव्हती. तरुणाचा त्यात दोष तरी काय? त्याने दोन्ही शब्द निरखून पाहिले आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "भाईसाहब, हमें तो दोनों एक ही लगते हैं।"

छायाचित्राचे म्हणाल, तर ते फुटत होते म्हणून त्याने काढून टाकले होते. छपाईस इंचाला तीनशे ठिपके लागतात. तीन इंच रुंद चित्रास नऊशे ठिपके हवेत. आमचे चित्र समूहचित्रातून कापलेले, हातोहात फिरून झिजलेले, जेमतेम दोनशे ठिपक्यांचे. पडद्यावर जो चेहरा हसरा दिसे, तो कागदावर चौकटीचौकटींची गोधडी झाला असता.

त्या दिवशी घरी येताना आम्ही ठरवले की, यापुढे पाने आपणच लावायची आणि छापखान्यास अशा स्वरूपात द्यायची की, त्याला अक्षरास हात लावावा लागू नये. मग प्रश्न आला साधनाचा. कारकुनाच्या हाती प्रश्न आला की तो प्रथम तुलनात्मक तक्ता आखतो. आम्ही आखला.

पहिला उमेदवार अर्थातच कोरलड्रॉ. छापखाना ओळखतो, ही त्याची मोठी योग्यता. पण अठ्ठेचाळीस पानांचा मजकूर एका पानातून दुसऱ्यात वाहता ठेवायचा तर ते मुळात चित्रकाराचे साधन, पाने जुळवणाऱ्याचे नव्हे. शिवाय नव्या आवृत्तीतील फाइल छापखान्याच्या जुन्या आवृत्तीत उघडत नाही. किंमत मंडळाच्या खर्चपत्रकात बसणारी नव्हती. एका हितचिंतकाने कानात सांगितले की, 'क्रॅक' केलेली प्रत दोनशे रुपयांत मिळते, सारेच वापरतात. आम्ही संत नाही. तरीही, ज्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर विघ्नहर्त्याचे चित्र छापायचे, ती चोरलेल्या हत्याराने घडवावी, हे काही मनास येईना. शिवाय आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिलांवर 'पावती जोडलेली नाही' असा शेरा मारणाऱ्याने स्वतः बिनपावतीचा माल कोणत्या तोंडाने घ्यावा?

दुसरा उमेदवार पेजमेकर. १९८५ साली निघालेल्या या सॉफ्टवेअरने घरच्या टेबलावर छपाईची पाने लावण्याचे युग आणले. पण त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची, आणि युनिकोडशी त्याची ओळखच नाही. छापखान्यांच्या कोपऱ्यांत तो अजून पेन्शनीतल्या बाबूसारखा बसलेला आढळतो; त्याला नमस्कार करावा, काम सांगू नये. तिसरा इनडिझाइन. पुस्तकाची पाने लावण्यात निष्णात. भारतीय लिपींसाठी योग्य तो 'कंपोझर' निवडला, तर जोडाक्षरेही उत्तम बसवतो. पण २०१३ पासून त्याच्या कंपनीने नव्या आवृत्त्या विकायचे सोडून वर्गणी घेणे आरंभले. वर्षातून एकदा निघणाऱ्या स्मरणिकेसाठी बारा महिने भाडे भरणे म्हणजे गणपतीच्या मखरासाठी बंगला भाड्याने घेणे होय.

चौथा विचार साध्या लेखनाच्या सॉफ्टवेअरचा. ते घरी होतेच. पण त्यातील रंग पडद्याचे: लाल, हिरवा, निळा. छपाईची शाई निराळी: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. पडद्याच्या रंगांत लिहिलेले काळे अक्षर छपाईकडे जाताना बहुधा चारही शायांचे मिश्रण होऊन जाते. चार प्लेटांपैकी एक केसभर सरकली, की बारीक अक्षरांना रंगीत सावली पडते आणि वाचकास चष्म्याचा नंबर वाढल्याचा भास होतो. मजकूर केवळ काळ्या शाईत, शंभर टक्के, एवढे साधे पथ्य. पण ते पाळण्याची सोय त्या साधनात नव्हती.

राहिली ती मुक्त सॉफ्टवेअरे. इंकस्केप रेखाकृतींसाठी, मंडळाचे बोधचिन्ह आम्ही त्यातच नव्याने रेखले, म्हणजे ते पोस्टाच्या तिकिटाएवढे करा वा मंडपाएवढे, कडा फाटत नाहीत. त्याचा पाया मात्र पडद्याच्या रंगांचा. म्हणून आकृती तेथे काढावी आणि शाईचे प्रमाण अन्यत्र ठरवावे. छायाचित्रांसाठी गिंप. आणि पाने लावण्यासाठी स्क्राइबस. तो चार शाया जाणतो, पानाच्या कडेबाहेर तीन मिलिमीटर 'ब्लीड' सोडतो, छपाईयोग्य पीडीएफ घडवतो. एके काळी देवनागरीपुढे तो हतबल होई. वेलांट्या भलतीकडे जात. पुढे अक्षरजुळणीचे नवे यंत्र त्यात बसवले गेले, आणि ते असलेली १.६ ही स्थिर आवृत्ती नेमकी २०२४ च्या जानेवारीत बाहेर पडली होती. किंमत शून्य.

सरकारी नियमाने पाहता शून्याहून कमी दर कोणी भरू शकत नाही. निविदा तेथेच मंजूर व्हावी. परंतु तोच नियम असेही सांगतो की, आधी तांत्रिक लिफाफा उघडावा, मग किमतीचा. म्हणून आम्ही कसोटीचे एक वाक्य रचले: 'आचाऱ्यांनी शिळ्या पुऱ्यांवर ॲल्युमिनियमची झाकणी ठेवली, तेव्हा वऱ्हाडी मंडळी खळखळून हसली.' वाङ्मय म्हणून ते सामान्य आहे, पण मराठीची बहुतेक नाजूक दुखणी त्यात एकवटली आहेत. स्क्राइबसने ते वाक्य न अडखळता लावले. 'ऱ्या' वर नजर पडताच आम्हांस जो आनंद झाला, तो सांगून पटणार नाही.

तरी काहीतरी परके वाटत होते. निरखून पाहता ध्यानात आले: 'ल' आणि 'श'. उत्तरेकडील 'ल' ला उभा दंड असतो, मराठी 'ल' ला पाकळी. मराठी 'श' देठाचा, हिंदी 'श' गाठीचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली निर्णय काढून मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण ठरवले आहेत. अर्थ दोन्हींनी सारखाच होतो, मग एवढा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. माहेरची आणि सासरची आमटी दोन्ही आमट्याच. पण पहिल्या घासाला कळते. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, जेथे पाटीपाटीवर दंडाचा 'ल' भेटतो, तेथे वर्षातून एकदा हाती येणाऱ्या मराठी कागदावर तरी घरचा 'ल' दिसावा, एवढीच इच्छा. शोध करता कॅनडातील टिरो टाइपवर्क्स या अक्षरशाळेने हिंदी, मराठी आणि संस्कृत यांसाठी देवनागरीच्या तीन निरनिराळ्या घडणी करून मुक्त परवान्याने दिलेल्या आढळल्या. मराठी घडण आम्ही उतरवून घेतली. परक्या मुलखातील कारागिरांनी आमच्या 'ल' च्या पाकळीची जपणूक करावी, याचे प्रथम नवल वाटले. मग आठवले की, यात नवे काहीच नाही. विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले ते बंगालमधील श्रीरामपुरास, पंडित वैजनाथांच्या साहाय्याने. मराठी मुद्रणाची मुळाक्षरे मराठी मुलखाबाहेरच गिरवली गेली आहेत. परप्रांतात बसून पाने जुळवणारे आम्ही पहिले नव्हे.

उन्हाळाभर कचेरीनंतरचे तास या शिक्षणात गेले. जुन्या काळी जुळारी खिळे उलटे वाचीत. आम्हांस सुलटे वाचताना घाम फुटला. अखेर पाने तयार झाली. स्मरणिकेच्या आधी आम्ही एक छोटे काम हाती घेतले: एकदा दुमडलेला एकच कागद, चार पाने. लेख तोच, मथळा 'आमच्या आचाऱ्यांस'. मात्र काकांचे नाव शेवटच्या ओळीतून काढून मथळ्याखाली पहिल्या ओळीत आणले. कलापूर्ण युक्ती गेली, लेख सुधारला. मंडळाच्या जुन्या संग्रहातून कागदावरचे एक छायाचित्र मिळाले, ते नीट स्कॅन केले. कढईपुढे काका उभे, हातात झारा, धुरामुळे डोळे किलकिले.

पीडीएफ घेऊन आम्ही पुन्हा त्याच छापखान्यात गेलो. तरुणाने सवयीने विचारले, "कोरल में नहीं लाए?" आम्ही म्हटले, यात फॉन्ट आतच बसवलेले आहेत, रंग चार शायांचे आहेत, ब्लीड सोडले आहे. त्याने पान मोठे करून न्याहाळले, काळ्या अक्षरांत केवळ काळी शाई आहे हे तपासले आणि मान डोलावली. मग जरा साशंकपणे म्हणाला, "लेकिन इसमें हम कुछ बदल नहीं पाएँगे।" आम्ही म्हटले, "भैया, बस यही चाहिए।" तो मनापासून हसला. पुढे त्याने मराठी 'ऱ्या' कसा उमटतो ते आमच्याकडून शिकून घेतले, आणि आम्ही त्याच्याकडून हे शिकलो की, दुमड पडणाऱ्या रेषेवर गडद रंग ठेवू नये, तेथे शाई तडकते. हे ज्ञान कोणत्याही सॉफ्टवेअरच्या पुस्तकात आम्हांस मिळाले नव्हते.

दहा प्रती टपालाने राजापूरकडे गेल्या. पंधरा दिवस काही कळले नाही. सोळाव्या दिवशी काकांचाच दूरध्वनी आला. त्यांनी लेख वाचला होता; सुनेकडून मोठ्याने वाचून घेऊन पुन्हा ऐकला होता. एक प्रत देवळाच्या पुजाऱ्यांस दिली होती, एक मुंबईच्या मुलास धाडली होती. लेख कसा वाटला, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

"फक्त एक चुकलंय, साहेब," ते म्हणाले. "त्या वर्षी पुरणाला पंचवीस किलो डाळ लागली म्हणून लिहिलंय तुम्ही. तीस किलो होती. पंचवीसात चारशे पानं उठली असती का?"

आम्ही लेख काढून पाहिला. दुसऱ्या परिच्छेदात स्वच्छ, सुबक, तीनशे ठिपक्यांच्या धारेने 'पंचवीस' छापलेले होते. ही चूक कोणत्याही फॉन्टाच्या वा रूपांतरकाच्या माथी मारता येण्याजोगी नव्हती. पहिल्याच वर्षी काकांनी तो लेख वाचला असता, तर ती तेव्हाच उघडकीस आली असती. त्या वर्षीच्या स्मरणिकेत, अहवालाच्या शेवटी, आम्ही एका ओळीचे शुद्धिपत्र छापले. आणि छापायला देण्यापूर्वी ते काकांस दूरध्वनीवर वाचून दाखवले.